वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती : शोध, दुरुस्ती आणि पाण्याची परीक्षा

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराचा तळमजला जांभ्या चिऱ्याचा आहे. १९९८ च्या सुमारास त्यावर स्लॅब टाकून वरचा मजला चढवला गेला आणि मागच्या बाजूला, खाली जिथे सासूबाईंची खोली आहे त्या खोलीच्या एका कोपऱ्यावर, न्हाणीघर आणि संडास एकत्र बांधले गेले. या न्हाणीघरातून खाली उतरणारे पाणी शोधणे, ते मुळापासून थांबवणे आणि ते खरोखरच थांबले आहे याची खात्री करून घेणे, या सगळ्या कामातून आम्ही गेलो, त्याची ही हकीकत आहे. ती तपशिलाने लिहिते आहे, कारण दुमजली घरांत ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यावर केलेला खर्च दोन-तीन वर्षांत वाया गेलेला असतो.

गळतीची पहिली खूण आमच्याकडे छतावर दिसली नाही, ती विजेच्या पेटीत दिसली. मुख्य पेटीतील आरसीसीबी सकाळी उशिरा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यानंतर काही वेळाने, पडू लागला. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअर इतकी वीज वाट सोडून जमिनीकडे गेली तरी पुरवठा तोडतो, त्यामुळे कुठेतरी ओलावा वायरीपर्यंत पोचला आहे हे उघड होते. वायरमनने एकेक सर्किट वेगळे करत शोध सासूबाईंच्या खोलीतील पंख्यापर्यंत आणला. पंख्याच्या दांडीवरची वाटी खाली सरकवली, तेव्हा आत हुकाच्या वळणावर तपकिरी पाण्याचा थेंब लोंबत होता आणि वायरच्या जोडावरची काळी टेप ओलाव्याने सुटून आली होती. छत मात्र खालून कोरडे दिसत होते. पंखा खोलीच्या मध्यावर आहे आणि न्हाणीघराची हद्द तिथून पाच-सहा फूट अलीकडेच संपते. स्लॅब ओतताना वायरिंगसाठी त्यात पाइप टाकून ठेवलेले असतात. न्हाणीघराच्या बाजूला अशा एखाद्या पाइपात शिरलेले पाणी उतार सापडेल तसे वाहत पंख्याच्या हुकापर्यंत आले होते.

त्या खोलीच्या छतातले सर्किट त्याच दिवशी बंद केले आणि सासूबाईंसाठी भिंतीवरच्या वेगळ्या जोडणीवर टेबलफॅन लावला. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो वगळून थेट जोडणी करून देण्याची तयारी कोणी ना कोणी दाखवतोच. ती कधीही स्वीकारू नये. ओल आणि वीज एकत्र आल्याचे दिसले की आधी ते सर्किट बंद करावे आणि मगच गळतीचा विचार करावा.

यानंतरचा प्रश्न असा होता की हे पाणी पावसाचे की न्हाणीघराचे. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो, आणि आषाढ-श्रावणात घरातली एखादी भिंत ओली असणे हे इकडे सगळ्यांनी गृहीतच धरलेले असते. त्यामुळे आलेला प्रत्येक जण बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवत होता. आम्ही पाऊस ओसरण्याची वाट पाहिली. ऑक्टोबरच्या उन्हात बाहेरच्या भिंती खडखडीत वाळल्या, गच्चीवरही कुठे पाणी उरले नाही, तरीही पंख्याच्या वाटीखाली ठेवलेला कागद ओला होतच राहिला. एव्हाना छतावरही हाताच्या पंजाएवढा डाग उमटला होता. त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून शेजारी तारीख लिहिण्याची सूचना आमच्या ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांनी केली आणि ती फार उपयोगी पडली, कारण डाग वाढतो आहे की जागच्या जागी आहे याविषयी घरात रोज होणारे तर्क त्या रेघेमुळे थांबले.

पाऊस बाजूला पडल्यावर न्हाणीघरात तीन शक्यता उरल्या. भिंतीतून येणारी पाण्याची लाइन फुटलेली असेल, सांडपाण्याची लाइन गळत असेल, किंवा फरशीवर पडलेले पाणीच खाली मुरत असेल. या तिन्हींचा उपाय वेगळा आणि खर्चही वेगळा, म्हणून त्या एकेक करून तपासणे हाच या कामाचा गाभा आहे असे मला वाटते.

पहिल्यांदा पुरवठ्याची लाइन तपासली. रात्री पंप बंद ठेवला, घरातले सगळे नळ आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद केला आणि गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीशी खूण केली. सकाळी पातळी तिथेच होती. मात्र हजार लिटरच्या टाकीतून एखादा लिटर कमी झाला तरी पातळी जेमतेम मिलिमीटरभर उतरते, त्यामुळे बारीक गळती या पद्धतीने सुटून जाऊ शकते. म्हणून प्लंबरने न्हाणीघराची लाइन वेगळी काढून तिला हातपंप जोडला, दाब चढवला आणि काटा हलतो का ते पाहत आम्ही बराच वेळ थांबलो. काटा हलला नाही. लाइन जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपची होती आणि तिच्याविषयी सर्वांनाच शंका होती, पण त्या क्षणी तरी ती निर्दोष निघाली.

सांडपाण्यासाठी फरशी कोरडी ठेवून नळीचे तोंड थेट नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून सांडपाण्याच्या पाइपात उतरते त्या जाळीखालच्या भांड्याच्या, आत सोडले आणि पुष्कळ पाणी वाहू दिले. कमोडचा फ्लशही वारंवार ओढला. त्यानंतर खालचा कागद कोरडाच राहिला. शेवटी ट्रॅपचे तोंड कापडाचा बोळा आणि प्लॅस्टिक कोंबून बंद केले, दाराशी ओल्या मातीचा बांध घातला आणि फरशीवर दोन बोटे पाणी भरून त्यात जिलेबीला वापरतात तो खाण्याचा केशरी रंग मिसळला. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या वाटीतून एरवीपेक्षा जास्त थेंब पडू लागले, पण त्यांचा रंग तपकिरीच होता. केशरी छटा दिसली ती घराच्या बाहेर, मागच्या भिंतीत सांडपाण्याचा पाइप जिथून बाहेर येतो त्याच्या खालच्या गिलाव्यावर. पाणी फरशीतूनच मुरत होते हे त्यामुळे ठरले. पंख्यापाशी रंग का आला नाही याचा उलगडा त्या अभियंत्यांनी केला. फरशीखाली आधीपासून साचलेले जुने पाणी भरपूर होते आणि वरून आलेले नवे पाणी त्यालाच पुढे ढकलत होते.

फरशीखाली पाणी साचायला जागा कुठे असते हे इथे सांगायला हवे. अशा न्हाणीघरात स्लॅबचा तेवढा भाग बाकीच्या मजल्यापेक्षा साधारण फूटभर खाली घेतलेला असतो, म्हणजे ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाइप त्या खोलगट भागात बसवता येतात. बांधकामावरचे लोक याला सनकन म्हणतात. पाइप बसवून झाले की तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि मालाने भरून वर फरशी करतात. आतली बाजू नीट जलरोधक केलेली नसेल आणि तळाशी पाणी निघून जायला वाट ठेवलेली नसेल, तर फरशीच्या सांध्यांतून रोज मुरणारे थोडे थोडे पाणी तिथे हौदासारखे साठत जाते. आमचे न्हाणीघर पाच फूट बाय सात फुटांचे आहे. एवढ्या जागेत फूटभर खोलीचा भराव म्हणजे जवळजवळ एक घनमीटर, आणि त्याचे वजन कोरडेपणीच दीड टनाहून अधिक भरते. तो पाण्याने पूर्ण भिजला की स्लॅबवर भार वाढतो तो वेगळाच.

मग सल्ले सुरू झाले. रंगाऱ्यांनी खालून छत खरवडून जलरोधक रंग लावून देण्याचे सुचवले. आणखी एकाने स्लॅबला खालून भोके पाडून त्यात रसायन भरण्याचा उपाय सांगितला. तिसऱ्याचे म्हणणे असे होते की फरशीचे सांधे उकरून त्यात इपॉक्सी, म्हणजे घट्ट होऊन पाणी अडवणारे रसायन, भरले की भागेल. यांतला शेवटचा उपाय मी टाकाऊ मानत नाही. गळती नुकतीच सुरू झालेली असेल, सांध्यांतले सिमेंट झिजलेले दिसत असेल आणि खालचा भराव अजून कोरडा असेल, तर इपॉक्सी ग्राउट आणि ट्रॅपच्या कडेची दुरुस्ती एवढ्यावर अनेक वर्षे निभावते आणि तोडफोड टळते. पण सनकनमध्ये पाणी साठून राहिलेले असताना वरचे सांधे बंद केले, तर ते पाणी आतच अडकते. खालून रंग लावण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध होता आणि आजही आहे. त्याने डाग दिसेनासा होतो, पण पाणी स्लॅबमध्येच राहते आणि सळ्या गंजवत राहते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते. सळी आतून फुगते, तिच्याखालचे काँक्रीट ढकलले जाते, आणि एक दिवस त्याचा पोपडा माणसाच्या अंगावर पडतो. ज्या खोलीत ऐंशीच्या घरातली बाई झोपते तिच्या छताचे असे होऊ देणे मला मान्य नव्हते.

अभियंत्यांनी हातोडीने छत वाजवून पाहिले. भक्कम काँक्रीटचा आवाज टणक येतो. न्हाणीघराच्या कोपऱ्याखाली, सुमारे दोन फूट लांबीच्या पट्ट्यात, तो बद्द येत होता. तिथला गिलावा काढल्यावर दोन सळ्या गंजून खवले सुटलेल्या दिसल्या. त्यांची जाडी फारशी घटलेली नव्हती, म्हणून स्लॅबची दुरुस्ती होऊ शकेल असे त्यांनी सांगितले, पण वरचे पाणी बंद होऊन स्लॅब वाळल्याशिवाय खालून काहीही लावायचे नाही अशी अट घातली. काम जानेवारीत सुरू करायचे ठरले. कोकणात या कामाला तोच काळ योग्य, कारण हवा कोरडी असते आणि मे महिन्याच्या आत दोनदा तपासून पाहायला अवधी मिळतो.

तोडफोडीच्या बाबतीत मी मिस्त्रींना दोनच गोष्टी निक्षून सांगितल्या होत्या. मोठे ब्रेकर यंत्र आणायचे नाही, कारण त्याच्या हादऱ्याने मूळ स्लॅबला तडे जाऊ शकतात. आणि पाइपांची तोंडे आधी कापडाने घट्ट बंद करायची, म्हणजे राडारोडा लाइनमध्ये जाऊन ती तुंबणार नाही. छन्नी-हातोड्याने वेळ जास्त लागला, पण मिस्त्रींनी ते मान्य केले. फरशी निघाली तेव्हा खालचा भराव वरपासून तळापर्यंत ओला होता. विटेचा तुकडा हातात घेऊन दाबला की बोटे ओली होत, आणि तळाशी काळपट चिखल साचून त्याला गटाराचा वास येत होता.

खरा दोष तळाशी पोचल्यावर दिसला. सांडपाण्याचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर काढण्यासाठी चिऱ्यात जे भोक पाडले होते, ते पाइपाच्या मानाने बरेच मोठे होते. पाइप आणि दगड यांच्यामधली फट सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद चुरगळून कोंबून भरली होती आणि वरून फक्त अर्धा इंच माल लावून ती लिंपून टाकली होती. इतक्या वर्षांत कागदाचा लगदा झाला होता आणि मालाला पाइपाच्या कडेने गोल भेग पडली होती. मिस्त्रींनी तो लगदा छन्नीच्या टोकाने बाहेर ओढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “वहिनी, हा बघा तुमचा वॉटरप्रूफिंग.” त्याच कोपऱ्यात स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपाचे एक तोंड वळणावर उघडे राहिलेले होते, आणि पंख्यापर्यंतची वाट तीच होती. बांधणाऱ्याने त्या दिवशी मूठभर माल आणि पाच मिनिटे जास्त दिली असती तर हे सारे टळले असते, याचे मला आजही वाईट वाटते. वरून फरशी सुंदर बसवलेली होती, त्यामुळे आतला हा प्रकार कोणाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते.

सनकन पूर्ण रिकामे करून, धुऊन, ते वाळू दिले. ही पायरी सर्वांना कंटाळवाणी वाटते आणि मिस्त्रींना दुसरीकडे काम मिळत असल्याने ते घाई करतात, पण ओल्या, घाणेरड्या पृष्ठभागावर कोणताही लेप धरत नाही. वाळताना स्लॅबवर पांढरा लोणा उठला, तो तारेच्या ब्रशने दोनदा काढला. स्लॅब वाळल्यावर खालच्या बाजूने सळ्यांचा गंज घासून काढून त्यांना जस्तयुक्त प्रायमर लावला आणि पॉलिमर मिसळलेल्या मालाने पोकळी भरून घेतली.

आता लाइन उघडीच होती, म्हणून जुने जीआय पाइप काढून गरम-गार दोन्ही पाण्यासाठी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे, पाइप टाकले. आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाइपावर छापलेला आहे ना, ते दुकानातच पाहून घेतले. कमोडसाठी ११० मिलिमीटरचा आणि फरशीच्या पाण्यासाठी ७५ मिलिमीटरचा पाइप नव्याने उतार देऊन बसवला. नव्या ट्रॅपमध्ये कायम साधारण ५० मिलिमीटर पाणी उभे राहते आणि त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. प्लंबरने भिंतीतल्या पाइपांवर पुन्हा दाब देऊन पाहिला आणि तो टिकल्यावरच खाचा बुजवल्या.

या टप्प्यावर आम्ही सनकनच्या तळातून, सर्वांत खालच्या बिंदूपासून, एक वेगळा लहान पाइप भिंतीबाहेर काढला. त्याला कोणताही नळ किंवा ट्रॅप जोडलेला नाही. पुढेमागे फरशीतून पाणी मुरलेच तर ते स्लॅबवर साचून न राहता या वाटेने बाहेर पडावे आणि आपल्याला दिसावे, एवढाच त्याचा उपयोग. त्याचे तोंड मागच्या पडवीच्या वर, येता-जाता नजर जाईल अशा जागी ठेवले आणि त्यात किडे शिरू नयेत म्हणून बारीक जाळी बसवली. संपूर्ण कामात सर्वांत स्वस्त वस्तू हीच होती, आणि नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने सनकनमध्ये हा पाइप ठेवला आहे की नाही हे फरशी होण्यापूर्वी स्वतः डोळ्यांनी पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लेप लावण्याआधीची तयारी लेपापेक्षा महत्त्वाची असते. भिंतीतून आणि स्लॅबमधून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाच्या भोवती खाच करून ती न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. वायरिंगच्या पाइपाचे उघडे तोंड कायमचे बंद करून खोलीसाठी वेगळी वायर भिंतीवरून नेली. जिथे भिंत आणि तळ काटकोनात मिळतात तिथे मालाचा वाटा मारला, म्हणजे कोपरा गोलसर केला, कारण काटकोनात लेप पातळ बसतो आणि पहिली भेग तिथेच जाते. मालासाठी खाडीची वाळू मी नाकारली. किनाऱ्यावर ती सहज मिळते, पण तिच्यातल्या क्षारांमुळे सळ्या गंजतात आणि भिंतीला लोणा लागतो. त्याऐवजी खडीच्या क्रशरवरची धुतलेली वाळू मागवली.

लेप पावडर आणि द्रव अशा दोन भागांचा, सिमेंट-पॉलिमर जातीचा घेतला. ही सामग्री अनेक चांगल्या कंपन्यांची मिळते आणि कोणती घ्यावी यापेक्षा ती कशी मिसळली जाते यावर फळ अवलंबून असते. डब्यावर जे प्रमाण छापलेले असते तेच ठेवायचे. ब्रश जड चालतो म्हणून पाणी ओतले की लेपाची ताकद जाते. मिश्रण एका वेळी थोडेच करायचे, कारण अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट होऊ लागते. मिस्त्रींचा हात सिमेंटच्या घोळाला सरावलेला होता आणि त्यांना हे प्रमाण फार घट्ट वाटत होते. मी त्यांच्याशेजारी उभी राहून डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला, आणि त्यांनीही तो शांतपणे ऐकून तसेच केले. पृष्ठभाग हलका ओलसर करून पहिला हात आडवा दिला, कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती त्या ओल्या हातावरच फायबरची जाळी दाबून बसवली, आणि तो सुकल्यावर दुसरा हात उभा दिला. भिंतींवर हा लेप भविष्यातल्या फरशीच्या पातळीपेक्षा फूटभर वर नेला, आणि शॉवरच्या भिंतीवर सात फुटांपर्यंत, कारण चिऱ्याच्या भिंतीवर रोज पाण्याचा मारा होत असेल तर ती पाणी पिणारच. दाराच्या उंबऱ्याखालूनही लेप पलीकडे वळवून घेतला. पुष्कळ घरांत नेमकी हीच जागा सुटते आणि पाणी न्हाणीघरातून शेजारच्या खोलीच्या फरशीखाली सरकते.

लेप काही दिवस हवेवर सुकू दिल्यावर परीक्षा घेतली. ट्रॅप आणि तळाचा पाइप बंद करून सनकनमध्ये दहा सेंटिमीटर पाणी भरले. आमच्या एवढ्या जागेत त्याचे वजन सुमारे सव्वातीनशे किलो होते, आणि तेवढा भार दुरुस्त केलेल्या स्लॅबवर चालेल का हे अभियंत्यांना आधी विचारून घेतले होते. भिंतीवर पातळीची खूण केली आणि शेजारी तेवढेच पाणी भरलेले एक घमेले ठेवून त्यातही खूण केली. बाष्पीभवनाने पाणी थोडे कमी होतेच. घमेल्यात जितके उतरेल तितकेच सनकनमध्ये उतरले तर लेप टिकला असे समजायचे. आम्ही पाणी ७२ तास ठेवले. दोन्हीकडची पातळी सारखीच उतरली, पंख्याच्या हुकापाशी आणि बाहेरच्या भिंतीशी काहीही दिसले नाही. एवढे थांबण्याची गरज काय, असे घरातल्या काही जणांना वाटत होते, पण या तीन दिवसांशिवाय झालेल्या कामाला मी काम म्हणणार नाही, कारण फरशी बसल्यावर चूक शोधायची तर पुन्हा सगळे फोडावे लागते.

पुढचा भाग लवकर उरकला. विटांचे तुकडे आधी पाण्यात भिजवून घेतले, म्हणजे ते मालातले पाणी ओढून घेत नाहीत, आणि मालात ५० किलो सिमेंटच्या पिशवीला २०० मिलिलिटर या प्रमाणात जलरोधक द्रव मिसळून ब्रिकबॅटचा कोबा केला. कोब्याच्या वर पुन्हा तोच दुहेरी लेप दिला आणि पुन्हा पाणी भरून पाहिले. अनेक जण दोन थरांपैकी एकच करतात. माझ्या मते खालचा थर स्लॅबला वाचवतो आणि वरचा थर भरावाला कोरडा ठेवतो, त्यामुळे दोन्ही हवेत. खर्चाची ओढाताण असेल तर महागड्या फरशीवर काटकसर करावी.

फरशी खरखरीत पृष्ठभागाची घेतली, कारण घरात वडीलधारी माणसे आहेत. ती सिमेंटचे ठिपके टाकून बसवू दिली नाही. पूर्ण पाठीला टाइलचा चिकट माल लावूनच बसवून घेतली, म्हणजे खाली पाणी साठायला पोकळी राहत नाही. उतार शंभराला एक, म्हणजे सात फुटांत दोन सेंटिमीटरांहून थोडा जास्त, इतका ठेवला. लेव्हल पट्टीने तो बरोबर दिसला तरी मी सिमेंट ओले असतानाच तांब्याभर पाणी कोपऱ्यांतून सोडून पाहिले. संडासाच्या बाजूच्या एका कोपऱ्यात ते थबकले, म्हणून तिथल्या दोन फरशा लगेच उचलून पुन्हा बसवल्या. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे सिलिकॉन, आणि उंबऱ्याला ग्रॅनाइटची सलग पट्टी बसवली.

खालच्या खोलीच्या छताला मात्र लगेच रंग दिला नाही. जून ते सप्टेंबर ते तसेच उघडे ठेवले, डागाभोवतीची पेन्सिलीची रेघही पुसली नाही. सासूबाईंना ते छत पाहवत नव्हते, “एवढं सगळं केलंत, आता तेवढा रंग काढा ना,” असे त्या म्हणायच्या, पण रंग दिला असता तर पाऊस आणि न्हाणीघर या दोन्हींची खरी परीक्षा झाकली गेली असती. पावसाळा सरल्यावर डाग रेघेच्या आतच फिकट झालेला होता, तळाच्या पाइपाची जाळी कोरडी होती, तेव्हा दिवाळीच्या आधी रंगकाम केले आणि पंखा नव्या वायरीवर जोडला. सिलिकॉन दरवर्षी मे महिन्यात तपासून जिथे सुटले असेल तिथे खरवडून नवे भरायचे, एवढी देखभाल त्यानंतर उरली आहे.

फरशी झाकण्यापूर्वी मी प्रत्येक पाइपाची छायाचित्रे काढली होती, आणि भिंतीतल्या लाइनचा एक साधा आराखडा, दारापासून आणि फरशीपासूनची मापे लिहून, विजेच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. त्यात लेप भिंतीवर किती उंचीपर्यंत नेला आहे तेही लिहिले आहे. अलीकडे कमोडशेजारी सासूबाईंना धरायला कडी बसवण्यासाठी एक कारागीर आला, तेव्हा ड्रिल लावण्याआधी त्याला तो कागद दाखवला. त्याने योजलेले एक भोक लेपाच्या पट्ट्यात येत होते, म्हणून कडी चार बोटे वर घेतली आणि सगळी भोके लेपाच्या हद्दीबाहेर पाडली.